चारचा पाढा

भिवराबाईच्या अंगणात उभं राहून गुरुजींनी निकाल देऊन टाकला. "दोन वर्षं झाली, चारचा पाढा येत नाही. तुमच्या यमुनेच्या डोक्यात काही राहत नाही. घरीच ठेवा तिला."

पोरीची मान खाली गेली. भिवराबाई तिला म्हणाली, "शेळ्यांना बोलव बघू."

पोरीनं नावं घेतली आणि एकेक शेळी आपलं नाव ऐकून तिच्यापाशी आली. सतराच्या सतरा.

"रोज हातानं पाला भरवते, म्हणून तिला सगळ्यांची नावं पाठ आहेत," भिवराबाई म्हणाली. "गुरुजी, हिचं नाव यमुना नाही. गोदा आहे."

गुरुजी वरमले. मग शेळ्यांतच बसकण मारून हळूच म्हणाले, "गोदा, मला यांची नावं शिकव. मग दोघं मिळून पाय मोजू."