उजव्या कानातला मंत्र

"…फ्रीजसारखा म्हणजे नेमका कसा?" विश्वंभरबुवांनी विचारलं.

फ्रीजसारखा म्हणजे फ्रीजसारखा, शलाका म्हणाली. दुपारी घरात कोणी नसलं की स्वयंपाकघरात घरघरत असतो ना, तसा. आणि त्याच्यावर एक बारीक शिट्टी.

"थांबत नाही?"

"नाही."

"डोळे मिटले तरी?"

"बुवा, कान आहे तो."

बुवांनी मागे वळून पाहिलं. ओसरीवरच्या सगळ्या साधकांनी चहाचे कप खाली ठेवले होते.

बोरटेकडीच्या मठात साधना एकच. पहाटे उठायचं, दोन्ही अंगठे कानांत घालायचे आणि आतला नाद ऐकू येतो का बघायचं. आधी रातकिडा येतो म्हणतात, मग घंटा, मग शंख. विश्वंभरबुवा मठात आले तेव्हा त्यांची दाढी काळी होती. आता ती पांढरी झाली, पण रातकिडा काही आला नव्हता. म्हणजे एकदा आला होता, पण तो खरा निघाला. कपाट सरकवून त्याला बाहेर काढावं लागलं.

आणि ही जीन्समधली मुलगी काल पुण्याहून येते काय, आणि भाकरी मोडता मोडता सहज सांगते काय, की माझ्या उजव्या कानात आठवडाभर आवाज चालू आहे.

शलाकाला एमएस होता. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची स्वतःचीच राखणदार फौज उलटते आणि नसांवरचं वेष्टण कुरतडते, उंदरानं वायर खावी तसं. मागे एक डोळा धूसर झाला होता, तो परत आला. मग पाय बधिर झाले, तेही बरेचसे परत आले. या वेळी कानाचा नंबर लागला होता. उजव्या कानाला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं आणि आत कारखाना सुरू होता.

नवीन काही झालं तर त्याच दिवशी फोन करायचा, उशीर नको, असं डॉक्टर सबनीसांनी बजावून ठेवलं होतं. शलाकानं फोन केला नव्हता. पुन्हा ती स्टिरॉइडची सलाईन, तोंडात लोखंडाची चव, उडालेली झोप. तेही चाललं असतं. पण भेटायला येणाऱ्यांचे ते चेहरे… तिला आजारापेक्षा चेहऱ्यांचा कंटाळा आला होता.

म्हणून घरी ऑफिसचं काम सांगून ती शांतता शोधत टेकडीवर आली. इथे खरंच शांत होतं. त्यामुळे कानातला आवाज दुप्पट झाला. पुण्यात निदान ट्रॅफिकखाली झाकला तरी जायचा.

आपल्या आजारातलं आपल्याला सगळं कळतं याचा तिला अभिमान होता, आणि बऱ्यापैकी कळायचंही. तिनं बुवांना नीट समजावलं. हा नाद वगैरे नाही. कानाकडून मेंदूला बातमी जायची बंद झाली की मेंदू आपल्या मनानंच आवाज तयार करतो. बाहेर काहीसुद्धा वाजत नसतं.

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाहेर काहीसुद्धा वाजत नसतं," ते बाकीच्यांना म्हणाले. "ऐकलंत ना?"

मग ओसरीवर वाद सुरू झाला. शिट्टी म्हणजे रातकिडा, याबद्दल दुमत नव्हतं. प्रश्न फ्रीजचा होता. तो घंटेच्या आधी येतो की शंखाच्या नंतर, यावर दोन तट पडले. शेवटी असं ठरलं की जुन्या लोकांकडे फ्रीज नव्हता, म्हणून त्यांनी तो लिहून ठेवला नाही.

दुपारपर्यंत शलाकाला पहिल्या रांगेतली घोंगडी मिळाली. ती बुवांची होती.

तिला हसू येत होतं. आधी तरी येत होतं. चालताना तिचा तोल जायचा, तेही या कानाबरोबरच सुरू झालं होतं. ती खांब धरून उभी राहिली की साधक हात जोडायचे. संध्याकाळी दोघं-तिघं तसेच झुलत चालताना दिसले. गावातली हौसाबाई हरवलेली शेळी कुठल्या अंगाला गेली ते विचारायला आली. शलाका म्हणाली, खालच्या अंगाला बघा. वर फक्त मठच होता. शेळी खाली सापडली, आणि दुसऱ्या दिवशी एक म्हैसवालाही आला.

पण हसू थांबलं ते जेवताना. स्टीलची ताटं एकमेकांवर आपटली आणि तिनं उजवा कान दाबून धरला. सुई घुसल्यासारखं व्हायचं. ज्या कानाला ऐकूच येत नाही त्याला आवाज सहन कसा होत नाही, असं आईनं विचारलं होतं. आईला पटलं नव्हतं, आणि तिची चूक नव्हती, शलाकाला स्वतःलाही ते विचित्र वाटायचं. इथे कुणी काही विचारलं नाही. बुवांनी उठून ताटं आत नेली आणि पत्रावळी आणल्या. अख्खा मठ पानांवर जेवला, पाण्याचे पेलेसुद्धा हळू टेकवत.

त्या जेवणानंतर शलाकानं मोबाइल बंद करून बॅगेच्या तळाशी ठेवला.

तिसऱ्या दिवशी ती आप्पांकडे गेली. आप्पा मठाचे गुरू. एवढा गोंधळ चालला होता, पण ते त्यात पडले नव्हते. मागच्या पडवीत पावटा सोलत बसले होते. शलाका त्यांच्या समोर बसली. तिनं सगळं सांगितलं, डोळा, पाय, कान, सलाईन, चेहरे. आप्पा सोलत राहिले.

"याला पुण्यात काय म्हंतात गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आजार."

"आन हितं?"

"नाद."

"तुला कुठलं आवडलं?"

"इथलं," शलाका म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. त्यांनाही तेच आवडलं असतं, असं काहीसं ते पुटपुटले.

मग ती जे ठरवून आली होती ते तिनं बोलून टाकलं. ती इथेच राहणार. पुण्याला जायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं नाही. आप्पांनी तिला दीक्षा द्यावी.

दाराआड विश्वंभरबुवा झाडत होते. झाडण्यासारखं तिथे काही नव्हतं. तो झाडू थांबला.

मठाची दीक्षा म्हणजे गुरूनं शिष्याच्या उजव्या कानात मंत्र सांगायचा. एकदाच. पुन्हा विचारायचा नाही, पुन्हा सांगायचा नाही. बुवांच्या दीक्षेच्या वेळी त्यांना नेमकी शिंक आली होती. मंत्राचा पुढचा अर्धा भाग त्यात गेला तो गेलाच. ते इतकी वर्षं अर्ध्याच मंत्राचा जप करत होते आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

"आत्ता पायजे?" आप्पा म्हणाले.

"आत्ता."

"बघ हां. एकदाच असतंय."

"बुवांनी सांगितलंय मला."

आप्पांनी धोतराला हात पुसले. ते सरकत तिच्या उजव्या बाजूला आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिच्या कानाला तोंड लावलं.

शलाकानं डोळे मिटले.

तिला गालावर दाढी टोचली. ऊन ऊन श्वास लागला. श्वास थांबत होता, पुन्हा येत होता, म्हणजे आप्पा बोलत होते. बराच वेळ बोलत होते. मध्ये एकदा ते हसले, हे तिला खांद्यावरच्या हातातून कळलं. मग तो हात जरा घट्ट झाला. मग आप्पा बाजूला झाले.

…

फ्रीज घरघरत होता. शिट्टी चालू होती.

"आप्पा," ती म्हणाली, "या कानानं मला ऐकू येत नाही."

"म्हाईत हाय."

"मग दुसऱ्या कानात सांगा."

आप्पांनी दाराकडे बघितलं. बुवा आता उघडच आत येऊन उभे होते. एकदाच असतो ताई, बुवा हळू आवाजात म्हणाले, आणि ते कुणाला माहीत असणार त्यांच्याएवढं.

"पण मला काहीच ऐकू आलं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

आप्पांनी पावट्याची पुढची शेंग उचलली.

शलाकानं उजव्या कानात बोट घालून जोरजोरात हलवलं, पोहून आल्यावर पाणी काढावं तसं. मग दुसऱ्यांदा हलवलं. कानावर चापट मारली. आणि कधी सुरू झालं ते तिलाही कळलं नाही, पण ती रडत होती. आठवडाभर ती रडली नव्हती. त्याआधी डोळा गेला तेव्हाही नाही, पायांच्या वेळीही नाही.

"मला तो कान हवाय," ती म्हणाली. "मला माझा कान हवाय, आप्पा."

"मंग हितं काय करायलीस?"

शलाकानं तळहातानं डोळे पुसले.

मग ती उठली, खांब धरून थांबली, आणि मोबाइल आणायला गेली. टेकडीवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची. टाकीपाशी उभं राहून, डाव्या कानाला फोन लावून तिनं डॉक्टर सबनीसांना सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यामुळे तिला आणखी अपराधी वाटलं. आजच निघा, ते म्हणाले, आल्याबरोबर तपासू, एमआरआय करू, उपचार सुरू करू. अशा वेळी कान बऱ्याचदा सुधारतो. बऱ्याचदा, पण शब्द देता येणार नाही. आवाज थोडाफार मागे राहूही शकतो.

इकडे पडवीत बुवांना राहवलं नाही. गुरूनं काय सांगितलं ते विचारायचं नसतं, हे त्यांना पाठ होतं. तरी त्यांनी विचारलं, मंत्र तर एवढा मोठा नाही, मग एवढा वेळ तिला काय सांगत होतात?

"बरंच," आप्पा म्हणाले. "तुझं पन नाव आलं त्यात."

बुवांनी झाडू ठेवला.

शलाका टाकीवरून येते तोवर मठाची जीप सुरू होऊन दाराशी उभी होती. बुवा स्टिअरिंगमागे बसले होते, सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती. तिची बॅग त्यांनी आधीच मागे टाकली होती. पुण्यापर्यंत मीच सोडतो, ते म्हणाले. दवाखान्यातही थांबतो. कान येईपर्यंत थांबतो. सलाईनच्या वेळी कुणी तरी जवळ लागतंच ना?

लागतं, शलाका म्हणाली, आणि बुवांचा चेहरा बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुणाच्या चेहऱ्याचा कंटाळा आला नाही.

ती पाया पडायला पडवीत परत आली. आप्पांच्या पायांवर डोकं टेकलं, आणि तशीच त्यांच्यासमोर बसून राहिली.

बाहेरून हॉर्न वाजला. तिनं कान दाबला. हॉर्न लगेच थांबला आणि लांबून बुवांचं 'चुकलं, चुकलं' ऐकू आलं.

"आप्पा."

"बोल."

"आणि हा कान परत आलाच नाही तर?"

आप्पांनी जमिनीला हात टेकला. गुडघे धरत, कण्हत ते उठले. तिच्या पाठीमागून सावकाश वळसा घालून ते पलीकडे, तिच्या डाव्या बाजूला आले. तिथली जमीन पंच्यानं झटकली आणि मांडी घालून नीट बसले.

"जाऊन ये," ते म्हणाले. "म्या हिकडं बसलोय."