शेवंताराणीचं संत्र्याचं झाड

एक होती राणी. राजाही होता, पण तो नुसता सिंहासनावर बसायचा. गोष्ट राणीची आहे, बरं का. राजा मध्ये एकदोनदा शिंकेल, तेवढंच त्याचं काम.

राणीचं नाव शेवंता. ती राहायची हिवपूरला. हिवपूर म्हणजे उंच डोंगरावरचं गाव. तिथं थंडी इतकी, की सकाळी घागर उपडी केली तर पाणी पडायचं नाही, घागरीच्या आकाराची ढेप बाहेर पडायची. पाय आत घ्या रे सगळ्यांनी. गोधडी नीट ओढा. हं.

ही शेवंता काही राजकन्या नव्हती. खाली उबदार मुलखात संत्र्यांचे मळे होते, तिथल्या एका मळेवाल्याची ती थोरली लेक. धाकटीचं नाव जाई. राजा जत्रेला गेला, त्यानं शेवंताला पाहिलं, आणि झाली ती राणी. मग जाईचंही लग्न हिवपुरातच झालं, घोंगड्या विणणाऱ्या धुळबाशी. एक बहीण टेकडीवरच्या राजवाड्यात, दुसरी टेकडीच्या पायथ्याशी मातीच्या घरात.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. लेक सासरी निघाली की बाप तिला संत्र्याचं एक कलम द्यायचा. आता थंडीच्या गावात साधं संत्रं कुठलं जगायला? म्हणून बाप डोंगरातलं एक काटेरी रानझाड घ्यायचा. त्याची पानं बेलासारखी, तीन-तीन. कितीही हिमवर्षाव होवो, ते हटायचं नाही. त्याच्या खोडाला चीर द्यायची. गोड संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, अलगद काढून त्या चिरेत बसवायचा. मग केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीनं, घट्ट बांधायचं. झालं कलम. खालचं अंग रानाचं, वरचं अंग मळ्याचं.

ही गाठ बांधायला सगळ्यांत चांगला हात कुणाचा? बापाचा नाही. जाईचा तर नाहीच नाही, तिनं मारलेली गाठ संध्याकाळपर्यंत सुटायची. हात चांगला शेवंताचा. हे लक्षात ठेवा.

आणि त्या रीतीचा दुसरा भाग असा, की लेकीच्या झाडाला पहिलं फळ पिकलं की आई तिच्या घरी येणार, उंबरा ओलांडणार आणि फळ सोलून लेकीला भरवणार. तोवर आईनं लेकीच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

मग काय झालं? शेवंताचं झाड राजवाड्यात गेलं. तिथली रीत निराळी. राणीनं मातीला हात लावायचा नाही म्हणे! दरबारी मंडळींनी झाड सोन्याच्या कुंडीत लावलं. आता सोन्याच्या कुंडीला भोक पाडायची हिंमत कोण करणार? पाणी तुंबलं. पानं गळाली. शेंडा वाळून कोळसा झाला.

"माझं झाड कसं आहे?" राणी विचारायची.

"उत्तम आहे, महाराणी! बहरलंय!"

खरं बोलायची पद्धतच नव्हती त्या वाड्यात. सगळे एका सुरात खोटं बोलायचे, आणि वर मुजरा करायचे. शेवटी ती वाळकी काटकी त्यांनी मुळासकट उपसली, हत्तीखान्यामागच्या उकिरड्यावर फेकली आणि राणीला येऊन सांगितलं, "महाराणी, झाड देवाघरी गेलं."

जाईनं मात्र आपलं झाड जमिनीत लावलं, उन्हाकडं तोंड असलेल्या भिंतीला लागून. भिंत दिवसभर ऊन प्यायची आणि अंधार पडला की थोडं थोडं झाडाला द्यायची. थंडीत जाई झाडावर घोंगडी घालायची. धुळबा कुरकुरायचा, "मला फाटकी घोंगडी, आणि झाडाला नवी!"

जाई म्हणायची, "तुम्हाला कधी पानं फुटलीत का?"

मग एका वर्षी जाईच्या झाडाला फळं धरली. हिरवी, सुपारीएवढी. खालून आईचा निरोप आला, "फळाला रंग चढला की निघते."

राणीनं ते ऐकलं आणि तिच्या पोटात जळायला लागलं. असं जळायला लागलं, की पंचपक्वान्नांचं ताट समोर आलं तरी घास उतरेना. माझा हात चांगला. माझं झाड मेलं. आणि जिला धड गाठ मारता येत नाही, तिच्या दारी आई येणार! तिला भरवणार! आणि मी इथं वर बसून बघणार!

तुम्ही म्हणाल, राणीनं खाली जाऊन आईला भेटावं की. तर तसं नाही. जाईच्या दारात पाहुणी म्हणून जायचं? महाराणीनं? ती उठायची, खिडकीशी जायची आणि जाईच्या झाडाकडं बघत बसायची. जेवतानाही खिडकी. वेणी घालतानाही खिडकी. हत्तीखान्यावरून जाताना एका काटेरी झुडपात तिचा पदर अडकायचा, तेव्हाही हिची नजर खालच्या झाडावर. "तोडा रे ते झुडूप," म्हणायची आणि पुढं जायची. लोक तोडायचे. ते परत फुटायचं.

मग राणीनं हुकूम काढला, "गावातलं प्रत्येक फळझाड राजवाड्याचं. उपटून वर आणा."

शिपाई जाईकडं गेले. जाई म्हणाली, "उपटा की. पण उपटलं तर मरेल, आणि मेलेलं झाड घेऊन वर गेलात तर महाराणी कुणाला विचारतील? मला, का तुम्हाला?"

शिपायांनी एकमेकांकडं पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, "महाराणी, तिथं झाडच नाही." राणीला खिडकीतून झाड स्वच्छ दिसत होतं!

मग राणीनं दुसरी युक्ती काढली. जाईच्या घरासमोर, पूर्वेला, एक उंच मनोरा बांधायला लावला. सकाळचं ऊन अडलं की फळं पिकायची नाहीत. पण दरबारी मंडळी कसली गुणाची! महाराणी खूश व्हाव्यात म्हणून त्यांनी मनोऱ्याला वरपासून खालपर्यंत आरसे जडवले. मग दुपार कलली की सगळं ऊन आरशांवर आदळायचं आणि परतून जाईच्या झाडावर पडायचं. आधी नव्हतं एवढं ऊन! फळं लिंबाएवढी झाली. जाई धुळबाला म्हणाली, "ताईनं गावाला शोभा आणली हो!"

राणीनं ओठ चावले. मग तिसऱ्या वेळी तिनं काय केलं असेल? तिनं गारठाबाईला बोलावलं.

गारठाबाई कोण? अरे, तीच ती, थंडी घेऊन फिरणारी म्हातारी. पांढरं लुगडं, पांढरे केस, कडेवर कळशी आणि कळशीत दहिवर, म्हणजे गोठलेलं दव. दिवेलागणीला ती राजवाड्यात आली. मुजरा नाही, काही नाही. म्हणाली, "काय गं शेवंता?"

राणीनं चमकून तिच्याकडं पाहिलं. नुसतं शेवंता म्हणून तिला हाक मारणारी एक आईच होती. पण पोटातलं जळणं मोठं. ती म्हणाली, "खाली जाईच्या अंगणात झाड आहे. त्याच्यावर कळशी ओत."

"ओतते. पण जो बोलावतो, त्याच्या घरी मी आधी मुक्काम करते. कळलं का?"

"कळलं, कळलं. तू जा फक्त."

तिला काही कळलं नव्हतं, बरं का. जळणाऱ्या माणसाला निम्मंच ऐकू येतं.

गारठाबाईनं राजवाड्यात कळशी ठेवली, आणि झाला की हो गोंधळ! हौद गोठला. शेगडीतला जाळ वाकडाच्या वाकडा थिजला. भाट राणीची स्तुती गायला लागला, तर शब्द तोंडातून निघून खण्णकन फरशीवर पडायला लागले. सकाळी झाडूवाल्यांनी टोपल्या भरून स्तुती बाहेर टाकली. राजा शिंकला. आणि राणी? शालीवर शाली घेतल्या, पण रेशमी शाली त्या, नुसत्या झुळझुळ्या. दात वाजायला लागले. नखं निळी पडली.

खाली जाईला कळलं. ती उठली आणि झाडावरची घोंगडी ओढून काढली.

धुळबा ओरडला, "अगं, काय करतेस? म्हातारी आज संध्याकाळी खाली उतरणार म्हणतात! झाडाचं काय?"

"झाडाला निदान भिंत आहे. ताईला तिथं नुसता संगमरवर. जा, देऊन या."

धुळबा पुटपुटत टेकडी चढला आणि घोंगडी देऊन परत आला. राणीनं ती अंगाभोवती गुंडाळली. हळूहळू ऊब आली. मग वास आला. हिरवा, आंबटगोड, मळ्यातला. राणीनं घोंगडी चाचपली, तर आतल्या बाजूला संत्र्याचं एक पान चिकटलेलं.

राणी उठून खिडकीशी गेली. खाली जाईचं झाड उघडं उभं होतं. फळं पिवळसर झाली होती, आता दोनचार दिवसांत केशरी होतील अशी. आणि गारठाबाई कडेवर कळशी घेऊन टेकडीच्या पायऱ्या उतरायला लागली होती.

आता बघा. राणीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं घोंगडी पांघरून उबेत बसून राहायचं होतं. जे मनात होतं ते आपोआप होणार होतं, आणि कुणी तिला बोलही लावला नसता.

ती बसली. पान हातात धरून बसली. मग एकदम उठली आणि पळत सुटली!

अनवाणी. दरबारी मागं ओरडताहेत, "महाराणी, पादत्राणं! महाराणी, पालखी!" पायऱ्यांवर म्हातारी होती, म्हणून राणी हत्तीखान्यामागच्या आडवाटेनं उतरली. काटेरी झुडपात पदर अडकला. तिनं हिसका दिला, पदर टर्रकन फाटला. ती तशीच पळाली, आणि गारठाबाईच्या आधी अंगणात पोचली. घोंगडी झाडावर टाकली. खालून आवळली. आणि गाठ मारली, मळ्यात मारायची तशी.

गारठाबाई आली. तिनं गाठ ओढली, सुटेना. नखानं उकलली, उकलेना. दातांनी धरली, तरी हलेना.

"कुणाची गं ही गाठ?"

"माझी."

"बोलावणारी तूच आणि अडवणारीही तूच?"

"हो," राणी म्हणाली.

म्हातारी गालातल्या गालात हसली. "मग ओतू कुठं मी हे?" असं म्हणत कळशी घेऊन रानाकडं निघून गेली.

जाई बाहेर आली. "ताई? आणि अशी अनवाणी?"

"जाई, तिला मीच धाडलं होतं."

जाईनं समोर बोट दाखवलं. मग म्हणाली, "आणि तो मनोरा?"

"तोही."

"आणि मी गावभर तुझं कौतुक करत फिरले!" जाईचा आवाज चढला. राणी मान खाली घालून उभी. मग जाईनं तिच्या पायांकडं पाहिलं. "रक्त येतंय. चल आत. नंतर भांडू."

त्या भांडल्या की नाही ते मला ठाऊक नाही. पण फळाला रंग चढला आणि आई आली, तेव्हा दोघी बहिणी अंगणात होत्या. आईनं उंबरा ओलांडला, पहिलं संत्रं सोललं आणि जाईला भरवलं. शेवंता बघत राहिली. अजूनही थोडं जळलंच तिच्या पोटात, खोटं कशाला सांगू?

आईनं विचारलं, "तुझं झाड गं, शेवंते?"

"मेलं."

"आणि हा पदर कशानं फाटला?" आईनं सुईदोरा मागितला, पदर मांडीवर घेतला, तर त्यात एक काटा आणि काट्याला एक पान. तीन पानांचं पान. "हे कुठलं?"

"हत्तीखान्यामागं काटेरी झुडूप आहे. कितीदा तोडायला लावलं, फुटतंच."

"अगं वेडे," आई म्हणाली, "हे तुझ्या बापानं दिलेलं खालचं अंग! वरचं मेलं. मूळ जिवंत आहे. तुला दिसलं कसं नाही?"

दिसणार कसं? ही सारखी दुसरीच्या झाडाकडं बघत होती.

आता शेवंताला एकच गोष्ट हवी होती. जाईच्या झाडाचा एक डोळा. हिसकावता येत नव्हता, मागायलाच हवा होता. राणी झाल्यापासून तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग म्हणाली, "जाई, एक डोळा देतेस?"

"हुकूम आहे का, महाराणी?"

"नाही गं. मागतेय."

"मग दोन घे," जाई म्हणाली. "पण बांध तूच. माझी गाठ सुटते."

मग थंडी सरली. झाडांत रस चढला, साल सुटायला लागली. शेवंता हत्तीखान्यामागं उकिरड्यात फतकल घालून बसली. दरबारी धावले, "महाराणी, माती! महाराणी, लीद!" ती म्हणाली, "दिसतंय मला. बाजूला व्हा, ऊन अडवताय." तिनं चीर दिली, डोळा बसवला, सोपटानं बांधलं. थंडीत धुळबानं तिलाही एक घोंगडी विणून दिली. विणताना कुरकुरला, ते सांगायला नकोच.

काही वर्षांनी हत्तीखान्यामागं संत्री पिकली. आई आता म्हातारी झाली होती. पायरीपायरीला थांबत, गुडघ्यावर हात टेकत ती टेकडी चढली. राजवाड्याचा उंबरा ओलांडला. संत्रं सोललं, शिरा काढल्या आणि फोड शेवंताच्या तोंडात घातली. आंबट होती थोडी. शेवंता म्हणाली, "गोड आहे." राजा शिंकला.

आणि मग हिवपुरात सगळे आनंदात राहिले. गारठाबाई अजून फिरते, बरं का. येते, खिडकीशी उभी राहते आणि कुणाचं पांघरूण सुटलंय का ते बघते. तुमचं खोचलंय ना? बघू. हं, घट्ट आहे. आता डोळे मिटा.