कुत्र्याचा मालक

अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या खेड्यांत जमीनदारच न्यायनिवाडा करत. शिकारीला निघता निघता थॉर्नबीसाहेबांनी घोड्यावरूनच विधवा हेस्टरला दरडावलं, "या तुझ्या दारातल्या कुत्र्याने माझ्या रानातला ससा मारलाय."

"दोष कुत्र्याचा की मालकाचा, साहेब?"

"मालकाचा. मालकाने आजच घर रिकामं करून गाव सोडायचं."

बरोबरच्या पाहुण्यांनी घोडे थांबवले. हेस्टरला दुसरा आसरा नव्हता. तिने वाकून कुत्र्याचा कान उलटला. आत साहेबांच्या शिकारी कुत्र्यांची खूण गोंदलेली होती. दरवर्षी साहेब या कुत्र्यांची पिल्लं कुळांकडे वाढवायला ठेवत. हे परत न्यायचं राहून गेलं होतं.

"आपली हवेली मोठी आहे, साहेब," हेस्टर म्हणाली. "सामान बांधायला मदतीला येऊ का?"