केरबानं मोजलेला फुटबॉल

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव केरबा. भाचा म्हटलं की मामा आलाच. मामा म्हणजे रंगराव वस्ताद, पाणवेस तालमीच्या फुटबॉल संघाचे गुरू. तालमीत पूर्वी कुस्ती चालायची. पुढे पोरं मातीतून उठली आणि बॉलच्या मागे लागली, ती लागलीच. आता तर तालमीचा रीतसर व्यावसायिक क्लब झाला होता. खेळाडूंना पगार, मालिशवाला वेगळा, डॉक्टर वेगळा. नव्हता तो फक्त कप.

वस्तादांनी तीन वर्षांपूर्वी भर चौकात शपथ घेतली होती, "कप तालमीत येऊन मारुतीरायाच्या म्होरं बसल्याबगार मटणाला शिवणार न्हाई." चौकानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातं? तेव्हापासून वस्ताद दोडक्यावर होते. ज्या गावात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशिवाय रविवार उजाडत नाही, त्या गावात हा माणूस रविवारी दारं-खिडक्या लावून बसायचा. शेजारचा वास येऊ नये म्हणून. मिशा जागेवर होत्या, पण त्यांच्यातला जीव गेला होता. बघणाऱ्याला खरंच वाईट वाटायचं.

अशात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की मोठ्या क्लबात एक माणूस नुसता मोजायला ठेवतात. कोण किती पळाला, कुणी किती पास दिले, कुठून मारलेला बॉल गोलात जातो, सगळं मोजायचं आणि आकड्यांवरून डाव आखायचा. वस्तादांना पटलं. मोजायला केरबासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा मोजायचा तो, आणि एक ढेप कधी इकडची तिकडे झाली नव्हती. फक्त त्याला जेवढं सांगावं तेवढंच तो करायचा. गुऱ्हाळाला आग लागली तेव्हासुद्धा तो जळणाऱ्या ढेपा मोजत बसला होता. पळ, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या सामन्याला वस्ताद म्हणाले, "केरबा, मैदानात सगळ्यात जास्त कोण पळतंय ते बघ. जास्त पळंल त्यो कामाचा गडी."

केरबा डोळ्यांत तेल घालून बसला. सामना संपला.

"काय रं, कोण निघाला?"

"काळ्या कपड्यातला गडी, मामा. ह्या टोकाचा त्या टोकाला जातोय. दमला न्हाई, बसला न्हाई. बॉलला तेवढा पाय लावत न्हाई, पर शिकवलं की यील."

"आरं, त्यो पंच हाय!"

"पंच आसू दे न्हाईतर सरपंच आसू दे. गडी कामाचा हाय. मी मध्यंतरातच फेटा बांधून, नारळ देऊन बोलणी करून आलोय."

नारळ सगळ्या मैदानानं बघितला होता. पंचाला फितवल्याचा ठपका आला आणि तालमीचा एक गुण कापला गेला. वस्तादांनी रात्री दोडका न चावताच गिळला. मग केरबाला समोर बसवून म्हणाले, "भल्या माणसा, आंगावर आपली निळी जर्सी आसल त्योच आपला. बाकी समदे परके. ठेवलंस का ध्यानात?"

"ठेवलं, मामा."

दुसऱ्या सामन्याला हुकूम झाला, "आपली पोरं बॉलला किती येळा शिवत्यात ते मोज."

केरबानं निळ्या जर्सी मोजल्या. दहा भरल्या. पण आपल्याच गोलात एक पिवळ्या जर्सीतला माणूस उभा होता. हातात मोजे घालून. आणि बॉलला पाय सोडून हात लावत होता. केरबाच्या अंगाची लाही झाली. भर दिवसा घरात परका शिरलाय आणि कुणी हटकत नाही!

तो थेट बंदोबस्ताच्या हवालदाराकडे गेला. गळ्यात क्लबाचं ओळखपत्र होतंच. "साहेब, त्यो पिवळा आमचा न्हवं. घुसलाय." हवालदार गावात नवा होता. त्यानं जाऊन पिराजी गोलकीपरच्या दंडाला धरलं आणि फाटकाबाहेर नेलं. पिराजी ओरडत होता, "आवो, मी गोलकीपर हाय!" हवालदार म्हणाला, "सगळे असंच सांगतात." पंचानं काही बघितलं नाही, कारण मागच्या नारळापासून तो पाणवेसकडे नजर टाकायलाच भीत होता. रिकाम्या गोलात समोरच्यांनी दोन गोल केले. दुसरा तर चालत जाऊन केला.

"आरं गाढवा," वस्ताद म्हणाले, "कापडं काय बघतोस? काम बघ की काम! जो गोल अडवतो त्यो आपला. त्यो आपल्या जिवाचा!"

"व्हय, मामा. आता काम बघतो."

तिसरा सामना पाणवेसनं जिंकला. वस्ताद खुशीत होते. केरबानं हिशेब दिला, "पिराजीनं दोन गोल अडवलं आणि वरच्या आडव्या दांड्यानं तीन. पिराजीपरास दांडाच भारी. पानी मागत न्हाई, कुरकुर न्हाई, जागा सोडत न्हाई." वस्तादांना वाटलं, भाचा थट्टा करायला शिकला. ते पोटभर हसले.

चौथा सामना परगावी होता. खेळाडूंची बस पुढे निघाली. मागून एक टेम्पो आला. टेम्पोत आख्खा गोलपोस्ट आडवा टाकलेला, वरच्या दांड्याला झेंडूचा हार आणि शेजारी केरबा, दांड्यावर हात ठेवून. वाटेत धक्का लागू नये म्हणून त्यानं खाली गादी घातली होती.

"जिवाचा गडी घरी ठिवून कसं जायचं, मामा?"

हसावं की रडावं ते वस्तादांना कळेना. गोलपोस्ट परत पाठवायला टेम्पोवाला तयार होईना. शेवटी तो गोलपोस्ट सामनाभर मैदानाबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला, आणि केरबानं मध्यंतरात त्याच्यापुढेही लिंबाची फोड ठेवली. सामना बरोबरीत सुटला. परतताना वस्तादांनी समजावलं, "एकट्यादुकट्याच्या नादाला लागू नगंस. समद्यांचं एकत्र घ्यायचं, सरासरी काढायची, मग बोलायचं."

सरासरी म्हणजे काय ते केरबाला पिराजीनं शिकवलं. सगळ्यांचं एकत्र करायचं आणि जेवढी डोकी तेवढ्यांत सारखं वाटायचं. केरबाला हा प्रकार फार आवडला. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. इतकी न्यायाची गोष्ट आजवर आपल्याला कुणी सांगितली कशी नाही, याचं त्याला नवल वाटलं.

उपांत्य सामन्याआधी खेळाडूंचे बूट फाटले होते. वस्तादांनी केरबाला सगळ्यांच्या पायांची मापं घेऊन शहरात पाठवलं. केरबानं मापं घेतली, बेरीज केली, भागाकार केला आणि अकरा जोड आणले. सगळे आठ नंबरचे.

काशिलिंगचा पाय अकरा नंबरचा. तो बुटात गेलाच नाही, टाच बाहेर ठेवून तो बायकी सपाता घातल्यासारखा चालू लागला. चिमाजीचा पाय सहा नंबरचा. त्याचा पाय पळायचा आणि बूट मागून यायचा. पहिला अर्धा वेळ सगळा संघ लंगडत होता. दुसऱ्या अर्ध्यात चिमाजीनं गोलासमोर जोरात लाथ मारली. बूट वरून गेला, बॉल खालून गेला. समोरच्या गोलकीपरनं झेप घेऊन बूट पकडला. बॉल शांतपणे आत गेला आणि पाणवेस अंतिम फेरीत पोचली.

जिंकूनही वस्तादांनी केरबाला सोडलं नाही, कारण अकराच्या अकरा खेळाडू मीठ-पाण्यात पाय घालून बसले होते. "ज्याचं त्याला द्यावं, केरबा! एकाचं दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये! म्हण, ज्याचं त्याला."

"ज्याचं त्याला."

दिवे लागेपर्यंत त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

अंतिम सामना रणझुंजार क्लबाशी होता. लांबचा क्लब, गेल्या वर्षीचा विजेता. वस्तादांनी केरबाला आधी त्यांचे सामने बघायला धाडलं. पेनल्टी कोण कुठल्या बाजूला मारतो, एवढंच बघायचं. या खेपेला केरबानं काम सोन्यासारखं केलं. एकेका खेळाडूची वेगळी चिठ्ठी केली. सातपुते नेहमी उजवीकडे. मुजावर डावीकडे, खाली. डिमेलो वरच्या कोपऱ्यात. त्या चिठ्ठ्या पिराजीच्या हातात पडल्या असत्या तर झोपेतही त्यानं बॉल अडवले असते.

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टी आली. सगळ्या गावाचा श्वास अडकला. वस्तादांचा तीन वर्षांचा दोडका आता एका लाथेवर आला होता.

"केरबा! चिठ्ठ्या दे!"

"दिल्या की, मामा."

"पिराजीला दिल्यास?"

"पिराजीला कशाला? ज्याच्या त्याला दिल्या. सातपुत्याची सातपुत्याला, मुजावरची मुजावरला. वाचून चकित झाली बिचारी."

वस्ताद मटकन खाली बसले. डोळे मिटून त्यांनी मारुतीचं नाव घेतलं.

पण तिकडे वेगळंच झालं. सातपुते बॉलपाशी आला. त्याच्या मनात आलं, यांना माहीत आहे मी उजवीकडे मारतो, तर डावीकडे मारावा. पण यांनी चिठ्ठी मुद्दाम दिली असणार, मी डावीकडे मारावा म्हणून. म्हणजे उजवीकडेच मारावा. पण तेही यांनी धरलं असेल तर? असा विचार करता करता त्यानं जो मारला तो प्रेक्षकांतल्या शेंगदाणेवाल्याच्या पाटीत पडला. मुजावरनं धावत येऊन बॉललाच वळसा घातला आणि परत गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा बॉल जेमतेम पिराजीच्या पायापर्यंत पोचला. डिमेलो तर उभा राहून पिराजीलाच म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगा, कुठं मारू?" पिराजी म्हणाला, "माझ्या हातात मारा." त्यानं मारला.

पाणवेसच्या पोरांनी मात्र आपापले बॉल आत घातले. पाणवेस जिंकली! टोप्या उडाल्या, हलग्या कडाडल्या. वस्तादांनी केरबाला सगळ्यांसमोर उचलून धरलं. "वाघ हाय माझा भाचा! ज्याचं त्याला, केरबा! आता जन्मभर हेच कर!"

केरबाचे डोळे भरून आले. मामानं शाबासकी द्यायची ही पहिलीच वेळ. त्यानं मनाशी गाठ मारली, आता यात कसूर करायची नाही.

कप मिळाला. फिरता कप होता, जो जिंकेल त्यानं वर्षभर सांभाळायचा. पोरांनी वस्तादांना खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक निघाली. गर्दीत कपाला पोचा यायला नको म्हणून वस्तादांनी तो सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे दिला. "केरबा, तू मागनं कप घिऊन ये."

इकडे तालमीच्या परड्यात मामींनी कधीच हंडा चढवला होता. तांबडा उकळत होता, पांढरा उतरवून ठेवला होता. वास अख्ख्या गल्लीत गेला होता. वस्ताद पाटावर बसले. समोर ताट वाढलं. त्यांनी हात धुतले, मिशा वर केल्या आणि मारुतीसमोरच्या रिकाम्या चौरंगाकडे बघत थांबले. कप आला की पहिला घास. शपथ म्हणजे शपथ.

बऱ्याच वेळानं केरबा आला. धापा टाकत, हसत. हात मोकळे.

"केरबा," वस्ताद हळूच म्हणाले, "कप कुठाय?"

"दिला, मामा."

"कुणाला?"

"ज्याचा त्याला! येताना कपाखालच्या पट्टीवर बघितलं तर नाव कोरलेलं, रणझुंजार क्लब."

"आरं, ते गेल्या सालचं नाव! आपलं उद्या कोरायचं हुतं!"

"ते मला काय ठावं? पर मी टायमात पोचलो, मामा. त्यांची गाडी सुटत हुती. पळत जाऊन खिडकीतनं आत दिला. पुढं भानगड नको म्हणून लिहून बी दिलं, कपावर पाणवेसचा कसलाच हक्क न्हाई, आणि हिशेबाच्या वहीसंगट मिळालेला क्लबाचा शिक्का खाली मारला."

वस्तादांच्या समोरच्या वाटीतली वाफ हळूहळू विरत गेली.

"आणि मानसं तरी किती गुणी, मामा!" केरबा म्हणाला. "एकदासुदिक नको म्हणाली न्हाईत."