फरशी पुसायचं फडकं

"...मग उरलेलं सोनं जातं कुठं, चाचा?"

बाबालाल झारेकरी शेडच्या दाराशी वाकून वहाणा काढत होते, आणि सत्तरी उलटलेल्या माणसाला त्याला वेळ लागतो.

प्रश्न अभिनंदन मगदूमचा होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याची शेड. जुने मोबाइल आणि बंद पडलेले संगणक उघडायचे, त्यांतले हिरवे बोर्ड दळायचे आणि त्या भुकटीतून सोनं काढायचं, हा त्याचा धंदा. शिक्षण परदेशातलं, यंत्रं नवी कोरी, आणि स्वतःविषयीचं मत फारच चांगलं.

पण सोनं काही त्याच्या मताला मान देत नव्हतं. शंभर किलो बोर्डांमागे वीस ग्रॅम निघायला हवं, तिथं चौदाच निघत होतं. सोमवारी पुण्याच्या एका कंपनीची माणसं चाचणी बघायला येणार होती. वीस दिसलं तर कंपनीचा सगळा कचरा याच्याकडे, नाहीतर शेडला कुलूप.

म्हणून त्याने नाइलाजाने कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफांच्या पेठेतून, बाबालालना आणलं होतं. सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन त्यातून सोनं काढण्यात या माणसाची साठ वर्षं गेली होती.

"तुम्ही फक्त चोर दाखवा," अभिनंदन हळू आवाजात म्हणाला. "झाडलोट मालनमावशी करतात. माझा संशय त्यांच्यावरच आहे. सोमवारच्या आत त्यांना काढून टाकणार."

बाबालाल आत आले. खाली बघितलं...

"फरशी लई झ्याक हाय."

"दिवसातून तीनदा पुसून घेतो," अभिनंदन खुलला. "दळण सुरू असलं की ते मोठे पंखे लावतो. सगळी धूळ बाहेर. एक कण दिसणार नाही तुम्हाला."

"न्हाई दिसत खरं," बाबालाल म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

मग त्यांनी अभिनंदनच्या पांढऱ्याशुभ्र डगल्याकडे बोट केलं. "ह्यो कुठं धुतोस?"

"लॉन्ड्रीत. रोज."

"आणि डोकं?"

"घरी... रोज शाम्पू लावून. का?"

"अरारारा," बाबालाल म्हणाले आणि स्टुलावर बसले.

अभिनंदन वैतागला. यापेक्षा पोलिसांकडे गेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

"सोनं मालनताईच नेत्यात," बाबालाल एकदम म्हणाले.

"बघा! मी म्हटलंच होतं."

"रोज तीनदा नेत्यात. बोलव त्यास्नी. आणि एक परात आण."

मालनमावशी आल्या त्या बादली-फडकं हातात घेऊनच. अंगाने किरकोळ, पण मान ताठ.

"ताई, पुसल्यालं पाणी कुठं ओतता?"

"फाटकाजवळच्या जास्वंदीच्या बुडात."

"नशीबवान झाड हाय. आणि हे फडकं कवाचं?"

"चार म्हैने झालं. नवं आणा म्हणलं तर सायेब इसरत्यात."

"इसरला ते बरं झालं," म्हणत बाबालालनी ते काळंकुट्ट सुती फडकं दोन्ही हातांनी अलगद घेतलं, परातीत ठेवलं आणि परातीसकट मागच्या अंगणातल्या भट्टीकडे निघाले.

फडकं जाळलं. राख गोळा केली. टाकणखार घालून मातीच्या मुशीत वितळवली. त्यात तास गेला. अभिनंदनने चार वेळा घड्याळ बघितलं, बाबालालनी दोनदा तंबाखू मळली.

शेवटी मूस फोडली, आतली गोळी चिमट्याने उचलून तेजाबात उकळली. वर हिरवट फेस आला, गेला... आणि तळाशी मोहरीएवढा मणी राहिला. पिवळाधमक.

अभिनंदनने तो तळहातावर घेतला. मग शेडमध्ये जाऊन भिंतीवरच्या पंख्यांकडे बघितलं, आरशासारख्या फरशीकडे बघितलं, आपल्या डगल्याकडे बघितलं, केसांतून हात फिरवला. दर शंभर किलोंमागचं सहा ग्रॅम सोनं आपण स्वतःच, मोठ्या शिस्तीत, रोज शेडबाहेर काढत होतो, हे त्याला कळलं आणि कान गरम झाले.

मागोमाग आलेल्या मालनमावशींकडे तो वळला. "मावशी, मी तुम्हाला चोर समजत होतो. चुकलं माझं."

"ठावं हाय मला. धा दिवस झालं, जाताना माझ्या पिशवीत डोकावत हुता." मावशी मणी बघत म्हणाल्या. मग खुदकन हसल्या. "पर आता पुसू का नको, त्येवढं सांगा."

"पुसा," बाबालाल म्हणाले. "पाणी पिंपात साठवा, म्हंजे झालं."

दुपारभर धांदल उडाली. पंख्यांच्या मागे जाड कापडी पिशव्या बांधल्या. लॉन्ड्रीत गेलेले दोन डगले न धुताच परत मागवले. जास्वंदीच्या बुडातली माती मावशींनी उकरून पिंपात भरली, झाडाची समजूत घालत घालत.

"सोमवारी वीस दिसतील, चाचा?"

"आता बाहेर काय जाऊ दिलं न्हाईस तर दिसतील की."

बाबालाल निघाले. पण दाराबाहेर पडण्याआधी ते परातीपाशी थांबले. एकेक पाय उचलून तळवा परातीवर झटकला. पायजम्याच्या घड्या झटकल्या. बोटांच्या बेचक्या झटकल्या. मग वहाणा घातल्या. साठ वर्षं प्रत्येक सोनाराच्या दारात ते असंच करत आले असणार.

अभिनंदनला भरून आलं. शाळा सुटल्यापासून त्याने कुणाच्या पाया पडल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो पुढे झाला आणि वाकू लागला.

बाबालाल चटकन एक पाऊल मागे सरले.

"थांब लेका. आधी परात फुडं घे... मग वाक."