शाकारलेला साकव आणि उघडा मांगर

सह्याद्रीच्या पायथ्याला कुसगाळू नावाचं गाव आहे. तिथल्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, लाकडी साकव आहे, आणि त्या साकवाला छप्पर आहे. माणूस वीस-पंचवीस पावलांत पार होतो, पण डोक्यावर हातभर जाड गवत शाकारलेलं. पलीकडच्या काठावर जांभ्या दगडाचा एक मांगर आहे, गुरं आणि पेंढा ठेवायला बांधलेला. त्याच्या भिंती सरळ आहेत, दारही शाबूत आहे. वर मात्र काही नाही. पाऊस थेट आत पडतो.

नीरजाची सुलूआत्या सुट्टीच्या दिवशी असे जुने साकव आणि मांगर शोधत हिंडायची आणि त्यांचे फोटो काढायची. दहावीतली नीरजा तिच्याबरोबर जायची, कारण फोटोत माणूस असल्याशिवाय साकवाची लांबी कळत नाही, असं आत्याचं म्हणणं. नीरजाला फोटोत उभं राहायचा संकोच वाटे. पण तिला बघायला आवडायचं.

मे महिन्यातल्या त्या रविवारी ऊन कलल्यावर त्या कुसगाळूला पोचल्या. आत्या कॅमेरा घेऊन मांगराशी गेली आणि तिथून तिने हाताने खूण केली : मध्ये बस. साकवाच्या मधोमध कठड्याला धरून एक रुंद फळी होती. बाकीच्या फळ्या धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या, ही एकटी काळी. नीरजाच्या ते लक्षात आलं, तरी ती बसली. फळी ओली होती. खाली व्हाळात नुसते धोंडे होते, पाण्याचं नाव नव्हतं.

अलीकडच्या काठावरून एक म्हातारा काठी टेकत आला. तो वासू घाडी, गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या घराण्यातला. तो ओरडला नाही. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "आता उठा नको गो बाय. बसलंस, तर सगळा आयक. मगे उठ."

आणि तिच्यासमोर कठड्याला टेकून तो सांगू लागला.

फार पूर्वी, म्हणे, हा साकव म्हणजे वेलींनी बांधलेले दोन ओंडके होते. त्याच्याखाली, व्हाळाच्या पात्रात, गावच्या राखणदाराचा धोंडा. एका श्रावणात व्हाळ फुगला. शेतावर गेलेली अकरा माणसं आणि सगळी गुरं पलीकडे अडकली. ओंडके करकरू लागले. तेव्हा घाड्याच्या पूर्वजाने काठावर उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, लेकरां पलीकडे आसत. ती हयसर येयसर साकव धरून ऱ्हव. तुझ्या डोक्यावर आमी छप्पर घालू."

आणि सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

साकव टिकला. शेवटचं वासरू उतरेपर्यंत टिकला.

कार्तिकात गवत कापलं गेलं. साकवासाठी भारे बांधून ठेवले. पण वाऱ्यापावसाने आवडी नावाच्या बाईच्या पलीकडच्या मांगराचं छप्पर उडवलं होतं. आवडी विधवा. तिची तानी नावाची एकच मुलगी, आणि चार गुरं. आवडी म्हणाली, आधी गुरांचं बघू. देव इतकी वर्षं भिजतोय, त्याला सवय आहे. लोक हसले. भारे मांगरावर चढले. पुढच्या वर्षी देवाचं करू, असं ठरलं.

तेव्हापासून तिन्हीसांजेला साकव ओलांडणाऱ्याला आपल्या मागे एक पाऊल जास्त ऐकू येऊ लागलं, असं सांगतात. ज्याला घर कबूल करून दिलं नाही, तो लोकांच्या घरी जाऊ लागला. त्याने कुणाला मारलं नाही, कुणाला दिसलाही नाही. तो फक्त येऊन राहायचा. सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटत. कणगीतलं भात कुजे. चुलीतली लाकडं पेटत नसत. दोन घरं गाव सोडून गेली.

चैत्रात एका संध्याकाळी तानी गुरं मांगरात बांधून साकवावरून परतत होती. आवडीने अलीकडून हाक मारली, "ये गो, ये बेगीन." लवकर ये, एवढीच, नाव न घेता मारलेली हाक. ज्याला घर नाही, त्याला ती आपलीच वाटते. तानी आली. तिच्या पाठोपाठ अंगणात ओली पावलं आली.

दुसऱ्या दिवशी तानी उठली ती भिजलेल्या केसांनी. पुसले, वाळवले, सकाळी पुन्हा ओले. आठ दिवसांत तिचं अंग व्हाळातल्या धोंड्यासारखं गार झालं. आवडी तेव्हाच्या घाड्याकडे गेली. तो म्हणाला, त्याला हाकलायचं कसं? चूक त्याची नाही. त्याचं गवत तुझ्या मांगरावर आहे, ते त्याला दे.

आवडीने एकटीने मांगर उघडा केला आणि त्याच वाशांनी-गवताने तीन दिवसांत साकव शाकारला. पण राखणदाराला चुलीच्या उबेची सवय लागली होती. तो हलेना. तानी डोळे उघडेनाशी झाली. तेव्हा आवडी साकवाच्या मधोमध फळी टाकून बसली आणि तिने तीच हाक मारली, "ये, ये बेगीन. तू हयसर बसशीत तवसर मी पण बसतंय."

त्या दुपारी तानीचे केस वाळले.

आवडी उठली नाही. उठली असती तर तो तिच्यामागून घरी आला असता. लोक लांबून पेज ठेवायचे. तानी काठावर उभी राहायची, पण तिला आईला हाक मारायची बंदी होती. पाऊस आला, पाऊस गेला. आश्विनात एका सकाळी, म्हणे, फळीवर कुणी नव्हतं. फळी तेवढी ओली होती. ती मग कधीच वाळली नाही.

घाडी थांबला. नीरजाच्या परकराला पाठीमागून गारवा चढत होता.

"म्हणून हयसर कोण बसणा नाय," तो म्हणाला. "आणि साकवावरच्या माणसाक काठावरून कोण हाक मारणा नाय. मी पुढे जातंय, तुझ्या आतयेक सांगतंय. मी काठी वर केली की उठ, 'तुमी बसा' म्हण, आणि मागे न बघता ये."

तो निघाला. त्याचे गुडघे दुखत असावेत. एकेक फळी तो जपून ओलांडत होता. नीरजा त्याच्या काठीकडे बघत होती. पलीकडे आत्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढला, आकाशाकडे पाहिलं. हाक मारू नको म्हणून नीरजाने मान जोरात हलवली. आत्याला वाटलं, पोरगी लाजतेय. घाड्याने हात वर केला, पण तो हात काठीचा नव्हता आणि तो आत्याला थांबवण्यासाठी होता.

"ये गं, ये लवकर," आत्या हसत ओरडली. "उजेड चाललाय!"

घाडी होता तिथेच उभा राहिला. त्याने डोळे मिटले.

नीरजा उठली. 'तुम्ही बसा,' असं ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती चालू लागली. फळ्या वाजत होत्या. तिने आपली पावलं मोजली नाहीत, मोजायचं धाडस झालं नाही. घाड्याच्या जवळून जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो तिच्या मागे, फळ्यांकडे बघत होता.

गाडीत आत्या खुशीत होती. आजच्यासारखे फोटो वर्षभरात मिळाले नव्हते. घाटाच्या वळणावर तिने नीरजाच्या वेणीला सहज हात लावला आणि विचारलं, "केस कधी भिजवलेस गं?"

आजही कुसगाळूला दर कार्तिकात पहिलं गवत साकवावर चढतं. आवडीचा मांगर आजही उघडा आहे. साकवावरच्या माणसाला कुणी हाक मारत नाही. मधली फळी मात्र त्या रविवारपासून कोरडी आहे.