दगडांना नावं देणारी हौसा

फार वर्षांपूर्वी, घाटातून रस्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट. नुसती वाट होती, आणि ती दाखवायला माणूस लागायचा. खाली कोकण, वर देश आणि मधे भेकरनाळ. नाळ म्हणजे डोंगर चिरत खाली गेलेली घळ, दगडधोंड्यांनी भरलेली. तिच्या माथ्यावर, कड्याच्या अगदी काठाशी, मोरटेप नावाची धनगरांची वाडी होती. वाडी एवढीशी, पण मिठाच्या गोण्या लादलेले बैल असोत, देवाला निघालेली माणसं असोत, की लेकीला माहेरी आणायला निघालेला बाप असो, सगळ्यांना मोरटेपावरूनच जावं लागायचं.

या वाडीत हौसा राहायची. तिचा बाप वाटाड्या होता. त्याचे गुडघे धरले, तशी हौसा त्याच्या जागी उभी राहिली. बाईमाणूस वाट दाखवणार म्हणून परमुलखातले लोक आधी बिचकायचे. पण पहिल्याच चढणीला त्यांचा ऊर फुटायला यायचा, आणि ही त्यांचंच ओझं डोक्यावर घेऊन बोलत बोलत पुढे निघून गेलेली असायची. लहानपणापासून तिला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. जेवतानासुद्धा तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा, असं म्हणतात.

एकदा आषाढात धुकं असं दाटलं, की स्वतःचा हात दिसेना. भर दुपारी नाळेतून हाक आली, कुणीतरी वाट विचारत होतं. हौसा निघाली, तोच उगवतीच्या रानाकडून दुसरी हाक आली. ती एकट्या माणसाची होती. हौसा काठावर थबकली. नाळेत बैल होते, बायका होत्या, कडेवरची पोरं रडत होती. ती नाळेत उतरली. सगळ्यांना वर आणलं आणि श्वासही न घेता रानाकडे पळाली. तिकडची हाक थांबली होती.

धुकं उठल्यावर रानाच्या टोकाला एका कासाराची दुरडी सापडली. आतली एकही बांगडी फुटली नव्हती. कासार मात्र पुन्हा कुणाच्या नजरेस पडला नाही.

तेव्हापासून हौसाचा जीव कशात लागेना. चुलीवर दूध ठेवलं की उतू जायचं आणि ही दारात. वाऱ्यानं दाराचं झाप वाजलं तरी उठायची, म्हैस हंबरली तरी उठायची. कुणीतरी हाक मारतंय, म्हणायची. तिचा नवरा धाकलू घरजावई म्हणून आलेला, मोठा सोशिक माणूस. तिच्यामागे घोंगडी घेऊन काठावर जायचा आणि तिला परत आणायचा. एक दिवस मात्र त्याला राहवलं नाही.

"जिवाला जरा थारा दे की, हौसा."

"मला हाय थारा," ती म्हणाली. "वाटंवरच्याला कुठं हाय?"

मग तिच्या मनानं घेतलं, की आपण एकटी आणि हाका दोन, असं पुन्हाही होणारच. तेव्हा वाटेलाच बोलतं केलं पाहिजे. ती उठली आणि एकेका दगडाला नाव देत सुटली. जिथं माणसाला धाप लागते, तिथल्या धोंड्याचं नाव धापा. तिथं टेकायचं, पुढे जागा नाही. ज्याला डाव्या हाताला ठेवून वळायचं, ती डावरी. जिच्या कपारीत आग्या मोहोळ लटकतं, तिचं नाव मुकी. तिथून तोंड मिटून जायचं. काठ ठिसूळ आहे तिथल्या दगडाचं नाव बसूनको. नेच्याच्या झुडपांखाली झरा आहे तिथं पाणदेवी. आणि जिथून वाडीतला धूर पहिल्यांदा दिसतो, त्या वरच्या पायरीचं नाव माहेर. नाळ झाली, मग तिनं रान धरलं, मग पठार. कासाराची दुरडी मिळाली त्या टोकाचं नाव तिनं ठेवलं थांबरेबाबा.

वाडीत कुणी वाटसरू आला, की हौसा त्याला ताक द्यायची आणि सगळी नावं त्याच्याकडून म्हणून घ्यायची. एखादं चुकलं, की पुन्हा पहिल्यापासून. माणूस कितीही घाईत असला तरी पाठ झाल्याशिवाय त्याला हलू द्यायची नाही. ती दगडांना नावं देत होती आणि वाडीतले लोक तिला नावं ठेवत होते. पण हळूहळू ती नावं खाली कोकणातही तोंडातोंडी झाली, आणि माणसं एकटीदुकटी सुखरूप येऊ लागली. अमक्या गावचा तमका डावरीवरून वळून आपला आपण आला, असं कुणी सांगितलं, की तिला घटकाभर बरं वाटायचं. घटकाभरच. धुक्यात दगडच दिसत नाही, मग त्याच्या नावाचा काय उपयोग, हा किडा तिचं डोकं पोखरत राहायचा. म्हणून धुकं उतरलं की ती आपली काठावर जायचीच.

अशी वर्षं गेली. हौसा म्हातारी झाली, कमरेतून गेली. धाकलू तिला धरून अंगणात आणायचा, तिथवरच तिचं चालणं उरलं.

ज्येष्ठ सरत आला होता. लग्नाची शेवटची तिथी. मोरटेपावर नवरी हळद लावून बसली होती आणि कोकणातलं वऱ्हाड नाळ चढत होतं. तेवढ्यात ढग खाली आला. नाळ दिसेनाशी झाली, आणि धुक्यात नुसता कालवा ऐकू येऊ लागला. वाडीतले गडी खाली उतरायला बघत होते आणि पावलापावलाला घसरत होते.

हौसानं धाकलूला आपल्याला काठावर न्यायला लावलं. तिथं ती बसली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून तिनं हाक दिली, "धाप्याऽऽ!"

आणि खालून धोंड्यानं ओ दिली.

जात्याच्या घरघरीसारखा जड आवाज होता, असं म्हणतात. तिनं डावरीला हाक मारली, डावरीनं ओ दिली. मुकी बोलली नाही; तिच्या कपारीतून मधमाश्यांची गुणगुण तेवढी आली, आणि वऱ्हाडानं ओळखून तोंडं मिटली. एकेका दगडाच्या ओ मागून माणसं वर सरकत राहिली. शेवटी माहेर बोललं, आणि नवरदेवाचं बाशिंग धुक्यातून वर आलं.

वाडीत एकच गलका झाला. वऱ्हाडातल्या बायका हौसाच्या पायांवर डोकी ठेवू लागल्या. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"मागं कुणी राहिलंय का?" तिनं विचारलं.

नवरदेवाचा बाप म्हणाला, की सगळे पोचले. तिनं पुन्हा विचारलं. माणसं एकमेकांना मोजू लागली. मग नवरदेवच चाचरत म्हणाला, की सनईवाला म्हातारा दिसत नाही. तो परगावाहून आणलेला, कुणाच्या नात्याचा ना गोत्याचा, म्हणून कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

हौसा उभी राहिली. जिला उंबरा ओलांडवत नव्हता, ती उभी राहिली. धाकलूनं तिचा हात धरला.

"तवा दोन हाका हुत्या," ती त्याला म्हणाली. "आज एकच हाय. सोड."

धाकलूनं हात सोडला. ती नाळेत उतरली आणि ढगानं तिला पोटात घेतलं.

बऱ्याच वेळानं सनईवाला वर आला. त्यानं सांगितलं, एका बाईनं मनगट धरून आणलं, हात मोठा उबदार होता. माहेरच्या पायरीवर तिनं त्याला पुढे केलं आणि अजून कुणी आहे का ते बघून येते, म्हणून माघारी वळली.

ती आलीच नाही. धाकलू आणि वाडीतले गडी प्रत्येक दगडापाशी जाऊन आले. काही सापडलं नाही. मिठाचे व्यापारी मात्र पुढे कितीतरी वर्षं सांगत, की धुक्यात पाय चुकला की कुणीतरी मनगट धरतं.

आता घाटातून रस्ता झालाय, मोरटेपावर एसटी येते. तरी ढग उतरला की घरटी एक माणूस काठावर जातं आणि आपल्या घराच्या वाट्याला आलेल्या दगडाला हाक मारतं. एक हाक धाप्याला, एक डावरीला, एक रानाकडे तोंड करून थांबरेबाबाला. आणि मोरटेपावर कुणाच्याही दारात पाहुणा आला, की त्याला नाव-गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, मागं कुणी राहिलंय का? कुणी नाही, असं पाहुण्यानं सांगितलं तरी घरातलं माणूस बाहेर जातं, वाटेकडे बघून येतं, आणि मगच त्याला पाणी देतं.